खिडकीखालचे अठरा डबे

अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "दुकान, दवाखाना, क्लासची इमारत बांधणाऱ्यांच्या कामी येईल असं लिहा. बटणं कशी निवडायची, बोर्ड कुठं घ्यायचा, असं." मी होकार दिला. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी एकच इमारत डोळ्यांपुढे येते, म्हणून आधी थोडं उपयोगाचं सांगतो आणि मग त्या इमारतीचं.

लोक बटण पाहतात. मी डबा पाहतो. बटणांची प्लेट काढली की आत भिंतीत बसवलेला पत्र्याचा डबा दिसतो. पाइपातून आलेल्या वायरी त्यात वळून बसतात आणि बटणांची चौकट त्याच्याच कानांना स्क्रूनं धरलेली असते. डबा उथळ असला तर वायरी चेपतात आणि तापतात. पत्रा पातळ असला तर गिलाव्याच्या दाबानं डबा वाकतो आणि वरची प्लेट जन्मभर तिरकी बसते. बिघडलेलं बटण पाच मिनिटांत बदलता येतं. डबा बिघडला तर भिंत फोडावी लागते. म्हणून डबा घेताना मी तो दुकानाच्या फरशीवर ठेवतो आणि त्याच्यावर उभा राहतो.

अकोल्याचे एक व्यापारी माझ्या या सवयीला फार कंटाळले होते. एकदा म्हणाले, "भाऊ, डबा भिंतीत जाणार हाय. तुमी त्याच्यावर काहून उभे राहता?"

"भिंत त्याच्यावर उभी राहते म्हणून."

"मंग भिंतच आणा ना सोबत, तुमचं वजन काहून वाया घालवता?"

डबा वाकला की मी भाव निम्म्यावर आणायचो आणि तो माल न घेताच दुसऱ्या दुकानात जायचो. मग ते हाक मारायचे आणि आतला, जाड पत्र्याचा माल निघायचा. याला कोणी चिवटपणा म्हणेल. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मी दहावीच्या पुढे गेलो नाही. एका ठेकेदाराची शिडी उचलण्यापासून सुरुवात केली. घासाघीस केली नसती तर अजून शिडीच उचलत असतो.

बटण निवडायचं ते कोण दाबणार हे पाहून. दवाखान्यात डॉक्टर कोपरानं दाबतात, म्हणून रुंद, हलकं बटण आणि थोडं खाली. क्लासमध्ये पोरं येता-जाता खेळ म्हणून दाबतात, तिथं कडक स्प्रिंगचं. लॉजमध्ये माणूस मोबाइलचा चार्जर ओढूनच काढतो, तिथं प्लेट स्वस्त चालेल पण सॉकेट भारी हवं. अकोल्यातल्या एका साडीच्या दुकानाच्या शेठजींनी मला सांगितलं होतं, "बटण असं दे की आवाज आला नाही पाहिजे." त्यांच्या गादीखाली उजव्या हाताला आम्ही सहा बटणं घेतली होती. महागाची साडी उघडली की ते बोलता बोलता वरचे दोन दिवे वाढवायचे. टक आवाज झाला तर गिऱ्हाइकाची नजर साडीवरून दिव्याकडे जायची. त्या सहा बटणांसाठी मी एका दुकानात दीड तास डोळे मिटून बटणं दाबत बसलो होतो. शेठजींनी एक साडी घरच्यांसाठी दिली. तिचा रंग घरी आल्यावर वेगळाच निघाला.

या सगळ्या वर्षांत माझ्यासोबत सत्तार होता. पातूरचा. वायरमन म्हणून आला आणि सव्वीस वर्षं राहिला. माल मी आणायचा, भाव मी करायचे, भांडणं मी करायची, भिंतीच्या आतलं सगळं सत्तारनं पाहायचं, अशी आमची वाटणी. एका बाबतीत मात्र तो मला घासाघीस करू द्यायचा नाही. वीज गळून माणसाच्या अंगात जायला लागली की क्षणात लाइन तोडणारं एक यंत्र मेन बोर्डात बसवतात. ते तो स्वतः येऊन, डब्यावरचं सगळं वाचून घ्यायचा. "भाऊ, बाकी सगळ्यात तुमी जिंका," म्हणायचा, "याच्यात तोंड उघडायचं नाई."

आता ती इमारत. अमरावतीत वानखडे सरांचा क्लास आहे. सरांनी टिनाच्या शेडमध्ये वीस पोरांवर सुरुवात केली तेव्हा पहिली ट्यूबलाइट मी आणि सत्तारनं लावली होती. पुढं क्लास वाढत गेला, जागा बदलत गेल्या, प्रत्येक जागेचं फिटिंग आम्ही केलं. शेवटी सरांनी तीन मजली स्वतःची इमारत काढली. पुण्याहून आर्किटेक्ट मॅडम आणल्या.

माझ्याकडे एक सॅम्पल बोर्ड आहे. प्लायवूडच्या पाटीवर बारा प्रकारची बटणं, सॉकेट, पंख्याचे रेग्युलेटर बसवलेले. गिऱ्हाइकानं हात लावून, दाबून निवडावं म्हणून मी तो स्वतः बनवला. पहिल्या बैठकीला तो काखेत धरून गेलो. साइटवर टेबल टाकलं होतं. त्यावर बोर्ड ठेवला. मॅडमनी एकही बटण दाबलं नाही.

"हे जुनं झालं," म्हणाल्या. "आपण काचेचे टच पॅनल घेतोय."

मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही पाहा. पण तिसऱ्या मजल्याच्या नकाशात खिडक्यांजवळ कूलरचे पॉइंट दिसत नाहीत."

"कूलर लागणारच नाहीत. पूर्ण इमारत एसी आहे."

"मॅडम, हे वऱ्हाड आहे. मार्च आला की प्रत्येक खिडकीत कूलर चढतो. एसी असला तरी चढतो. एसी बंद पडला तर आधी चढतो."

"तुम्ही नकाशाप्रमाणे करा. डिझाइन आमच्यावर सोडा."

त्यांना टेबलावर नकाशा पसरायचा होता. त्यांनी माझा बोर्ड उचलला आणि खाली पाण्याच्या ड्रमला टेकवून ठेवला. मी सरांकडे पाहिलं. ज्यांच्या टिनाच्या शेडमध्ये मी छताला लोंबकळत काम केलं होतं ते सर मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होते. मॅडमचं मला तेव्हाही फार लागलं नव्हतं. सर एक शब्द बोलले नाहीत, ते लागलं. आजही लागतं.

मी तिथून थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. सत्तार भिंतीवर खडूनं खुणा करत होता. त्याला म्हटलं, "नकाशात आहे तेवढंच करायचं. एक डबा जास्त नाही."

"कूलरचं कसं करता मंग?"

"नकाशात नाही ते भिंतीत नाही."

सत्तार खडू हातातल्या हातात फिरवत राहिला. "भाऊ, उन्हाळा काय नकाशा पाहून येते का? पॉइंट नका देऊ. खिडकीखाली नुसता रिकामा बॉक्स आन् पाइप टाकून ठेवू. वरून गिलावा. उद्या लागलं तं खुणेवर फोडलं, वायर ओढली, झालं. एका दिवसाचं काम हाय."

हे आमच्याकडे पूर्वीपासून करतात. पुढं लागेल असं वाटलं की डबा बसवून त्यात सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबायचा, म्हणजे मसाला आत जात नाही, आणि वरून गिलावा करून टाकायचा. सत्तारची जागाही ठरलेली असायची. खिडकीच्या चौकटीच्या डाव्या टोकापासून खाली एक वीत चार बोटं. शेकडो खिडक्यांखाली आम्ही असे डबे पुरले असतील.

मी म्हटलं, "नाही. त्यांना कळू दे."

"गुस्सा मॅडमवर हाय, खिडकीनं काय केलं?"

"तुले लय कळते तं तूच घे ना ठेका," मी ओरडलो. रागात असलो की मी वऱ्हाडीत ओरडतो. सत्तार काही बोलला नाही. त्याची ती सवय होती. मी तिला होकार समजत आलो होतो.

त्याच आठवड्यात अकोल्याच्या एका शोरूमचं काम अडलं आणि मी रोज पहाटेच्या गाडीनं तिकडे जायला लागलो. आठ दिवसांनी पुन्हा साइटवर आलो तेव्हा तिसऱ्या मजल्याचा गिलावा ओला होता.

काम संपत आल्यावर मी गोदामात माल मोजायला बसलो. डबे मी नेहमी स्वतः मोजतो. अठरा कमी भरले. पाइपाचे दोन बंडलही नव्हते. सत्तार आणि चार जण समोर उभे होते. मी म्हटलं, "सत्तार, अठरा डबे कमी आहेत. कोणं नेले?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमी मले इचारून राहिले?"

"गोदामाची किल्ली तुझ्याशिवाय कोणाकडे आहे?"

त्यानं खिशातून किल्ली काढली. शर्टाच्या खिशात कायम असणारा टेस्टर काढला. दोन्ही एका खोक्यावर ठेवले. "गिनती बरोबर हाय तुमची," म्हणाला आणि बाहेर गेला. सव्वीस वर्षांत तो माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता आणि जातानाही ओरडला नाही. त्याच संध्याकाळी त्याचे दोन फोन आले. मी घेतले नाहीत. मला वाटलं, माफी मागत असेल, मागू दे आणखी दोन दिवस. तिसरा फोन आला नाही.

इमारत सोपवायच्या दिवशी मी मेन बोर्डाचं दार उघडून सगळे खटके वर-खाली करून दाखवले. दाराच्या आतल्या बाजूला कोणता खटका कशाचा याचा कागद चिकटवलेला असतो. तो सत्तारच्या अक्षरात होता. अक्षर पाहिलं आणि दार लावलं.

उन्हाळा आला. सरांचे पैसे खालच्या दोन मजल्यांच्या एसीत संपले. वरचा मजला पुढच्या वर्षावर गेला आणि तिथंच मोठ्या वर्गांच्या, अभ्यासिकेच्या अठरा खिडक्या. सरांचा फोन आला. "भाऊ, वर कूलर लावायचे आहेत. पॉइंट काढून द्या."

"मॅडमला विचारा सर. डिझाइन त्यांच्यावर सोडलं आहे ना?"

हे वाक्य मी किती दिवस तयार ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर चहा मागवला आणि अख्खा कप चवीनं प्यालो. पुन्हा फोन आला तेव्हा मी बाहेरगावी असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "पोरांच्या परीक्षा आहेत, भाऊ. वर भट्टी झाली आहे." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाहतो.

त्यांनी शेवटी कूलर लावले, लांबलांबच्या एक्स्टेंशन वायरींवर. कूलरची तीन काट्यांची पिन एका बोर्डाच्या दोन भोकांत बसत नव्हती, म्हणून कोणीतरी तिसरा, जाड काटा तोडून टाकला. तो काटा अर्थिंगचा असतो. कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज तोच जमिनीत नेतो. आपल्याकडे तो सर्रास तोडतात, कारण त्याच्याशिवायही पंखा फिरतो.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम कमलाबाईंकडे होतं. सरांकडे टिनाच्या शेडपासून झाडलोट करणाऱ्या. दुपारी एका स्टुलावर चढून, एका हातानं बादली कलती करून त्या पाणी ओतत होत्या. दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर टेकवला आणि झटका बसला. मेन बोर्डातल्या त्या यंत्रानं क्षणात लाइन तोडली. जीव वाचला तो त्या एका वस्तूमुळे, जिच्याबद्दल सत्तारनं मला तोंड उघडू दिलं नव्हतं. पण बाई स्टुलावरून मागं फेकल्या गेल्या, उजव्या हातावर पडल्या. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः गेलो. कोणालाही सोबत घेतलं नाही. वर कूलर बंद होते, गवताचा ओला वास होता, फरशीवर पाणी तसंच वाळलं होतं. ज्या खिडकीत तो कूलर होता तिथंच बसलो. पॉइंट कुठं काढायचा याचा विचारही केला नाही. हात सवयीनं चौकटीच्या डाव्या टोकाला गेला, एक वीत चार बोटं खाली. तिथं हातोडा मारला.

आवाज पोकळ आला.

आणखी दोन घावांत गिलाव्याचा पापुद्रा पडला. आत डबा होता. सरळ, पाणसळ लावून बसवलेला. त्यात सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबलेला. कागद काढला, तर पाइपातून वायर ओढायची तारसुद्धा घालून ठेवलेली, टोकाला गाठ मारून. मी पुढच्या खिडकीकडे गेलो. तिथंही. त्याच्या पुढच्या खिडकीखालीही. सगळ्या फोडेपर्यंत मला थांबता आलं नाही. अठरा.

खाली येऊन मेन बोर्डाचं दार उघडलं. कागदाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: तिसरा मजला, खिडक्या अठरा. बॉक्स, पाइप तयार. खटका रिकामा ठेवला. फक्त वायर ओढणे.

मी मालाची पाच पैशांची तफावत भाषेवरून, चेहऱ्यावरून ओळखतो, असा माझा लौकिक आहे. ती एक ओळ मी वाचली नव्हती.

त्या दिवशी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही आग्रहानं सांगायला हवं होतं." एरवी मी काय काय बोललो असतो. तेव्हा म्हटलं, "हो." जाता जाता हेही लिहितो, लिहायला जड जातं तरी. त्यांचे काचेचे पॅनल आजही उत्तम चालतात.

वायरी ओढून झाल्यावर मी पातूरला गेलो. सत्तारनं तिथं बाजाराच्या कडेला लहानसं दुकान टाकलं आहे, कूलरचे पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. मला पाहून त्यानं बसायला पत्र्याची खुर्ची पुढं केली, समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली आणि हातातला पंप खोलत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग मी, माझ्या स्वभावानं, त्यालाच विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस? तेव्हाच, गोदामात? एक शब्द बोलला असतास तर—"

"भाऊ," तो म्हणाला, "तुमी इचारलं होतं का, बॉक्स कुठी हायेत म्हणून? तुमी इचारलं, कोणं नेले."

चहा आला. आम्ही प्यालो. तो म्हणाला, "फोन केला होता दोनदा. मंग म्हटलं, कागदावर तं लिवलं हाय, वाचतीन." पंपाचा पंखा त्यानं फुंकर मारून साफ केला. "मीबी पुन्यांदा करायले पाह्यजे होता फोन. बाईचा हात कसा हाय?"

मी सांगितलं. प्लास्टर निघालं, पण मनगट वाकडं बसलं. बोटं मिटतात, अंगठ्यात जोर नाही. सरांनी त्यांना कामावर ठेवलं आहे, हलकं काम देतात.

"बटण दबते का त्याहिच्यानं?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

अमरावतीला आल्यावर सॅम्पल बोर्ड पुसला आणि कमलाबाईंकडे नेला. तिसऱ्या मजल्यावरच्या भांडार-खोलीत त्यांच्या झाडू-बादल्या असतात. तिथला दिवा त्यांना दिवसातून दहादा लागतो. डाव्या हातात बादली असते आणि उजवा दाबत नाही. मी बोर्ड त्यांच्यापुढं धरला, म्हटलं, "बाई, यातलं कोणतं दबतं ते पाहा." त्यांनी वाकड्या हाताच्या बोटांच्या पाठीनं एकेक दाबून पाहिलं. माझी दवाखान्यांची रुंद बटणं, शेठजींची बिनआवाजाची, सगळी. बाराही झाली, एकही नीट दबलं नाही.

"याच्यात दोरीचं नाई का, भाऊ?" त्या म्हणाल्या. "जुन्या शेडात होतं ना, वरून दोरी लटकायची. वढलं की लागे. वढता येते मले."

शेडमधलं ते दोरीचं बटण मीच लावलं होतं. बारा बटणांच्या बोर्डावर ते घ्यावं असं मला कधी वाटलं नाही, कारण आता ते कोणी मागत नाही. अमरावतीत चार दुकानं फिरलो. अकोल्याच्या त्या व्यापाऱ्यांना फोन केला, ते हसले. शेवटी सत्तारला फोन केला. या वेळी मीच, आणि त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"हाय माह्याकडं एक," म्हणाला. "पाठवतो."

"तूच ये ना लावायला."

"सीझन हाय, भाऊ. पंपाचं काम लय हाय."

एस.टी.च्या पार्सलनं लहानसा पुठ्ठ्याचा डबा आला. शिडी घेऊन मी वर गेलो आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हातानं छतात स्क्रू पिळले. दोरी कमलाबाईंच्या कोपराच्या उंचीपर्यंत खाली सोडली. त्यांनी बोटांचा आकडा करून ओढली, दिवा लागला. पुन्हा ओढली, विझला. "बराबर हाय," म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. दोरीचं बटण फुटू नये म्हणून सत्तारनं डब्यात सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबला होता. तो बाहेर काढला, मांडीवर पसरून सरळ केला आणि दोन्ही बाजूंनी नीट पाहिला. काही लिहिलेलं नव्हतं.